परवाना दिला, पण त्यात गाव कुठं लिहिलंय?

(मोठं झालंय. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.)

१८ सप्टेंबरला आयएमएनं राज्यभर चोवीस तासांचा बंद पुकारला होता. पेपरात पहिल्या पानावर बातमी, टीव्हीवर चर्चा. दुधनीत कुणाला कळलं का हो? माझ्या मेडिकलवर त्या दिवशी रोजच्याइतक्याच चिठ्ठ्या आल्या. कारण सरळ आहे. आपल्या गावात रोज सकाळ-संध्याकाळ पेशंट बघणारे बहुतेक डॉक्टर बीएचएमएस नाहीतर बीएएमएस. ज्यांच्या विरोधात हा बंद होता, तेच आपले डॉक्टर. त्यांनी दवाखाना कशाला बंद ठेवायचा?

हा एवढा गोंधळ कशावरून चाललाय ते आधी थोडक्यात सांगतो, कारण "होमिओपॅथीवाल्यांना परवानगी मिळाली" एवढंच बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१४ साली महाराष्ट्र सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली. होमिओपॅथीच्या डॉक्टरनं आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केला (सीसीएमपी म्हणतात त्याला), तर त्याला ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील, असं ठरलं. आयएमए हायकोर्टात गेली. कोर्स सुरू झाला, पोरं पास होत राहिली, पण मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत त्यांची नावं काही चढेनात. दहा-अकरा वर्षं तसंच लोंबकळत राहिलं. २०२५ मध्ये जूनच्या शेवटी कौन्सिलनं जाहीर केलं की १५ जुलैपासून नोंदणी सुरू. आयएमए चिडली, सरकार घाबरलं, नोंदणी थांबली, समिती बसली. मग होमिओपॅथ आझाद मैदानात उपोषणाला बसले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं परत सांगितलं, नोंदणी करा. त्यावर १८ तारखेचा बंद. कोर्टातलं प्रकरण अजून तसंच आहे.

म्हणजे तीन महिन्यांत हो, नाही, हो. आणि या सगळ्यात कुणी पेशंटला विचारलंय असं मला तरी दिसलं नाही.

मी मेडिकलवाला आहे, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. जितके जास्त डॉक्टर ॲलोपॅथी लिहितील तितकी माझी विक्री जास्त. त्या हिशोबानं मी सरकारचा जयजयकार करायला पाहिजे. करत नाहीये. आणि आयएमएच्या बाजूनंही बोलत नाहीये. दोघांनाही चार शब्द सुनवायचे आहेत.

पहिलं सरकारला.

डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचं परिपत्रक निघालं, की सीसीएमपी केलेल्या होमिओपॅथची चिठ्ठी आली तर औषध द्या. बरं, देतो. पण समोरच्या डॉक्टरनं सीसीएमपी केलंय की नाही हे मला कसं कळणार? चिठ्ठीवर बीएचएमएस एवढंच असतं, काहींच्या चिठ्ठीवर तेही नसतं, नुसतं "डॉ." आणि गणपतीचं चित्र. माझ्याकडं शेड्यूल एच१ चं रजिस्टर आहे. २०१४ पासून ते ठेवावं लागतं. सेफिक्सिम, सेफ्ट्रायझोन, लिव्होफ्लॉक्सासिन, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, टीबीची औषधं, असलं काही विकलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती नग दिले, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. ड्रग इन्स्पेक्टर आले की पहिलं तेच मागतात. उद्या हायकोर्टानं निकाल दिला की ही परवानगीच बेकायदा होती, तर त्या रजिस्टरमध्ये ज्या डॉक्टरांची नावं माझ्या अक्षरात आहेत, त्याचं काय? परिपत्रक काढणारा साहेब तोपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो. रजिस्टर माझ्याच कपाटात असतं.

आता होमिओपॅथ डॉक्टर मित्र म्हणतील, तुम्हाला आमचाच तेवढा प्रॉब्लेम दिसतो का? बीएएमएसवाल्यांना तर १९९२ पासून सरकारनं अधिसूचना काढून परवानगी दिली आहे. बरोबर आहे तुमचं. आणि चुकीची चिठ्ठी फक्त तुम्हीच लिहिता असंही मी म्हणत नाही. मोठमोठ्या एमडी लोकांच्या चिठ्ठ्याही माझ्याकडं येतात. साध्या सर्दीला दोन-दोन अँटिबायोटिक, वर ताकदीचं टॉनिक, वर ॲसिडिटीची गोळी. तिथं पदवीत काही कमी नसते.

पण एक गोष्ट तुम्ही विसरू नका. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं मुंबईतल्या एका प्रकरणात निकाल दिला. तापाच्या पेशंटला होमिओपॅथ डॉक्टरनं आधी व्हायरलची, मग टायफॉइडची ॲलोपॅथिक औषधं दिली. पेशंट आधी एका नर्सिंग होममध्ये, मग मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेला आणि दगावला. कोर्टानं सांगितलं, ज्या शास्त्राचं शिक्षण नाही ते शास्त्र वापरणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. त्याच्या बायकोला तीन लाख रुपये भरपाई मिळाली. नवरा ऐन उमेदीतला होता. तो निकाल आजही उभा आहे. कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढलं म्हणजे कवच मिळालं असं समजून जे डॉक्टर आज पेढे वाटतायत, त्यांनी तो एकदा वाचावा. कायद्यानं दार उघडलं तरी एका वर्षाच्या कोर्सात तुम्ही काय शिकला आणि काय नाही, हे कोर्टात वकील एकेक करून विचारणार आहे.

आता आयएमएला.

तुम्ही म्हणता मिक्सोपथी नको, पेशंटच्या जिवाशी खेळ नको. एकशे एक टक्के मान्य. मग दुधनीत या ना. गल्लीबोळातल्या दवाखान्यात रात्री अकराला लेकराला तापात फिट आली तर कोण दार उघडतं? सोलापूरला न्यायचं म्हटलं तर आधी गाडी शोधा, मग अक्कलकोट पार करून पुढं. गुलबर्ग्याला न्यायचं तर राज्यच बदलतं, आपलं कार्ड तिथं चालेल का हा प्रश्न वाटेत. तोवर दार उघडणारा माणूस बीएचएमएस असतो. तो लुंगीवर बाहेर येतो, लेकराचं अंग पुसायला लावतो आणि पहिलं औषध देतो. हे बेकायदा आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा कायदेशीर काय आहे तेही सांगा. लेकरू घेऊन सकाळपर्यंत बसणं?

सरकारी कॉलेजात शिकलेल्या एमबीबीएसला एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. आपल्या पैशातून ती कॉलेजं चालतात. दहा लाख भरून मोकळं होणारे आहेत की नाहीत? एकदा तरी आयएमएनं त्याविरुद्ध बंद केलाय? डिसेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या सर्जनना ५८ ऑपरेशनची परवानगी मिळाली तेव्हा बंद झाला. आता होमिओपॅथीवर झाला. प्रत्येक वेळी कुणीतरी आत येतंय म्हणून दार लावायचं. आत बसलेल्यांनी बाहेर जायचं कधी, याच्यावर काहीच नाही.

आणि हा वाद काही आजचा नाही. इंग्रजांच्या काळात एलएमपी नावाचे डॉक्टर असायचे. मेडिकल स्कूलमध्ये तीन-चार वर्षं शिकून लायसन्स घेतलेले. तुमच्या आजोबांना विचारा, "एलएमपी डॉक्टर" हा शब्द त्यांच्या तोंडात सहज असेल. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात साधारण ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास ३०,००० एलएमपी. तीनातले दोन! समितीनं सांगितलं, आता एकाच दर्जाचा डॉक्टर, पूर्ण पदवीचा. समितीतल्याच काही सदस्यांना ते पटलं नव्हतं, इतक्या मोठ्या देशाला इतक्या लवकर इतके पदवीधर कुठून आणणार म्हणून. पण निर्णय झाला. एलएमपीच्या शाळा बंद पडल्या किंवा त्यांची कॉलेजं झाली. दर्जा वाढला यात शंका नाही. पण एलएमपीची जी जागा गावात होती, ती रिकामी राहिली. ती रिकामी जागा ज्यांनी भरली त्यांनाच आज आपण क्रॉसपथीवाले म्हणतो. जागा रिकामी ठेवून त्यात कुणी बसला म्हणून ओरडायचं, हे सत्तर-ऐंशी वर्षं चाललंय.

आता माझं खरं म्हणणं. सरकार म्हणतं, ग्रामीण भागात डॉक्टर नाहीत म्हणून ही परवानगी. ठीक. मग त्या परवान्यात गाव कुठं लिहिलंय? नाही लिहिलं! सीसीएमपी केलेला डॉक्टर उद्या पुण्यात कोथरूडला बसला तरी तोच परवाना, आणि दुधनीत बसला तरी तोच. मग तो कुठं बसेल? जिथं फी जास्त तिथं. किंवा शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात रात्रपाळीचा आरएमओ म्हणून कमी पगारात राहील. बऱ्याच हॉस्पिटलांना तेच पाहिजे. एमबीबीएसला जो पगार द्यावा लागतो त्याच्या निम्म्यात बीएचएमएस मिळतो, आणि आता तो कायदेशीरही होणार. आपल्या नावावर कायदा झाला, फायदा शहरातल्या हॉस्पिटलच्या मालकाला. दुधनी, मैंदर्गी, वागदरी, नागणसूर ही नावं फक्त भाषणात.

आणि यादी? कुठली औषधं लिहायची, कुठली नाही, याची साधी सुटसुटीत यादी पाहिजे की नको? एका वर्षात माणूस ओआरएस, पॅरासिटामॉल, चार-पाच अँटिबायोटिक, बीपी-शुगरची चालू औषधं पुढं चालू ठेवणं, विंचू-साप चावल्यावर पहिली मदत आणि कधी वरती पाठवायचं, एवढं नक्की शिकू शकतो. नीट शिकवलं तर उत्तम शिकू शकतो. पण "आधुनिक औषधं लिहा" असं मोकळं सोडलं तर काय होतं, ते मी काउंटरवर रोज बघतो. दम लागला की डेक्सा. ताप दोन दिवसांत उतरला नाही की सेफ्ट्रायझोनचं इंजेक्शन. आपल्याकडं तर "सूजी" टोचली नाही तर डॉक्टर खरा वाटत नाही, हेही खरं. पेशंटच मागतो. आणि पाच दिवसांचा कोर्स लिहिला तर "सध्या दोन दिवसाचं द्या अण्णा, बरं वाटलं तर राहू दे" म्हणतो. उरलेल्या तीन दिवसांत औषधाला दाद न देणारा जंतू तयार होतो, त्याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

यादी आणि जागा ठरवून दिली तर काम होतं, याचं उदाहरण सरकारच्याच घरात आहे. उपकेंद्रावर आता सीएचओ असतात, समुदाय आरोग्य अधिकारी. कुणी बीएएमएस, कुणी नर्सिंग झालेले. सहा महिन्यांचा कोर्स, ठरलेलं उपकेंद्र, ठरलेली औषधं, वर प्राथमिक आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर. सगळे चांगलं काम करतात असं म्हणणार नाही, कंत्राटी आहेत, पगारासाठी त्यांनाही आंदोलनं करावी लागतात. पण कायद्याच्या दृष्टीनं ती व्यवस्था स्वच्छ आहे. कोण, कुठं, काय देऊ शकतो आणि चुकलं तर कुणाला विचारायचं, हे सगळं ठरलेलं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातसुद्धा मर्यादित परवान्याची तरतूद आहे. मग होमिओपॅथांच्या बाबतीतच सरसकट का?

आणि एक साधी गोळी वेळेवर मिळाली तर काय होतं, हे आपल्या महाराष्ट्रानं जगाला दाखवलंय. महाडकडं डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून बघितलं. बीपीची गोळी ती. १९८६ मध्ये लॅन्सेटसारख्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं. विंचू चावून हृदय बंद पडून लोक जायचे, त्या मृत्यूंचं प्रमाण प्राझोसिननं खूप खाली आलं. हे काही मुंबईच्या पंचतारांकित हॉस्पिटलात सापडलं नाही. गावातल्या दवाखान्यात, नीट नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरकडून सापडलं. गावातल्या डॉक्टरला कमी समजू नका, एवढं आयएमएला सांगतो. आणि त्या गोळीच्या मागं नोंदी आणि अभ्यास होता, हे सरकारला.

आता सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक खास गंमत. गंमत म्हणजे रडण्यासारखी.

कर्नाटकात केपीएमई नावाचा कायदा आहे, २००७ चा. खासगी हॉस्पिटलच नाही, साध्या दवाखान्यालाही त्यात नोंदणी करावी लागते, दर लावावे लागतात. २०१७ मध्ये तो आणखी कडक करायला गेले तेव्हा तिथल्या खासगी डॉक्टरांनी मोठा संप केला, सरकारला काही कलमं सौम्य करावी लागली, पण कायदा राहिला. आपल्याकडं? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलाच नाही. आपल्याकडं १९४९ चा नर्सिंग होम कायदा. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, तक्रार निवारण कक्ष करा, सगळं चांगलं आहे. पण हा कायदा खाटा असलेल्या ठिकाणाला. खाट नसलेला दवाखाना, म्हणजे आपण नव्वद टक्के वेळा जिथं जातो तो, त्याला दवाखाना म्हणून नोंदणी करायला लावणारा कायदाच आपल्याकडं नाही.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर औषध विक्रीचे दोन परवाने टांगलेत, फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलंय, फ्रिजचं तापमान लिहिलेला कागद आहे. समोरच्या खोलीत डॉक्टर बसतो, त्याच्या भिंतीवर काय पाहिजे? सुया-सलाइनच्या कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी लागते, २०१६ च्या नियमानं. म्हणजे कचऱ्याची नोंद आहे, पेशंटची नाही.

त्यामुळं होतं असं, की नोंदवहीत कुणाचं नाव चढवायचं यावर मुंबईत तीन महिने भांडण, आणि दुधनीत किती दवाखाने आहेत, कोण चालवतं, त्याची पदवी काय, याची एका कागदावर यादी नाही. आरोग्य खात्याकडं नाही, नगरपरिषदेकडं नाही. असेल तर दाखवावी, मी ही ओळ काढून टाकतो. ज्याच्याकडं कसलीच पदवी नाही असा बोगस डॉक्टर याच अंधारात बसतो, आणि आपण तिकडं होमिओपॅथ खरा का खोटा यावर भांडतोय. खऱ्या बीएचएमएस डॉक्टरनं तर या यादीसाठी सगळ्यात आधी आग्रह धरला पाहिजे. त्यानं साडेपाच वर्षं घालवलीत, त्याला बोगसच्या रांगेत का उभं करायचं?

म्हणून माझं सरळ मागणं. सीसीएमपीचा परवाना द्यायचाय तर द्या, पण तालुका लिहून द्या. पाच वर्षं त्याच तालुक्यात, मग बाहेर. परवान्याच्या मागं औषधांची यादी छापा, आणि ती यादी प्रत्येक मेडिकलला पाठवा, म्हणजे आम्हाला हो-नाही करताना वाद घालावा लागणार नाही. त्याच्या वर कोण, अक्कलकोटचं ग्रामीण रुग्णालय की आणखी कोण, त्या डॉक्टरचा फोन नंबर त्यावर पाहिजे. आणि दवाखान्यांची नोंदणी कायद्यानं आणा, सगळ्या पॅथींना एकच. हे मागताना मला माहीत आहे की यादी आली की माझी विक्री कमी होणार. होऊ दे.

यातलं काहीच होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. चिठ्ठीवर डॉक्टरनं नोंदणी क्रमांक लिहायचा, हा नियम २००२ पासून आहे. आपल्या नगरसेवकांनी पुढच्या सभेत एक ठराव करावा, गावातल्या सगळ्या दवाखान्यांनी पदवी आणि नोंदणी क्रमांक दारावर लावावा. त्याला खर्च किती? एक फ्लेक्स. वाढदिवसाला आपण चौकात किती लावतो ते मोजा.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. सोमवारपासून काउंटरवर पाटी लागेल, मराठीत आणि कन्नडमध्ये: चिठ्ठीवर डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक नसेल तर शेड्यूल एच१ चं औषध मिळणार नाही. ज्या डॉक्टरांनी सीसीएमपी केलंय त्यांनी प्रमाणपत्राची एक झेरॉक्स दुकानात आणून द्यावी, मी फाइल केली आहे. ओळखीचे असाल तरी आणा, रागावू नका. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये शिव्या देण्यापेक्षा दुकानात यावं. रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं.